चाळिशीत पुन्हा विद्यार्थी: नागपूरच्या शिक्षकांसाठी शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर अभ्यासाची वाट

पंधरा-वीस वर्षं वर्गात उभं राहिलेल्या शिक्षकाच्या मनात पुन्हा शिकायचं आलं की तो आधी विचारतो, "कोर्स कुठला करू?" माझ्या मते हा प्रश्न नंतरचा. आपल्या वर्गातलं नेमकं काय आपल्याला उमगत नाही आणि ते उमगल्यावर आपण काय करणार, हे आधी ठरवावं. शैक्षणिक तंत्रज्ञानात तर हा क्रम पाळलाच पाहिजे. इथे साधनांचा गाजावाजा मोठा असतो. प्रश्न हातात न घेता आत शिरलेला माणूस दोन वर्षांनी दहा-बारा ॲपची नावं घेऊन बाहेर पडतो आणि वर्ग होता तसाच राहतो.

नागपूर शहरात किंवा जिल्ह्यात शिकवणाऱ्या, बी.एड. होऊन बरीच वर्षं झालेल्या आणि नोकरी सांभाळून अभ्यास करू पाहणाऱ्या शिक्षकांसाठी हे लिहितो आहे. सुरुवात कुठून करायची, कागद कोणते लागतात, वेळ कुठून काढायचा आणि संशोधनाचं काम पेलेल एवढं कसं ठेवायचं, हे त्या क्रमानेच सांगतो.

पायरी १: वर्गातली एक अडचण कागदावर उतरवा

एक वही घ्या आणि पंधरा दिवस रोज शाळा सुटल्यावर चार ओळी लिहा. आज मुलं कुठे अडली? आपण काय केलं? त्याने फरक पडला का? "मुलांचं लक्ष नसतं" असलं ढोबळ वाक्य उपयोगाचं नाही. "आठवीच्या मुलांनी विद्युत परिपथाचा व्हिडिओ पाहिला, सगळ्यांनी माना डोलावल्या, पण वहीत आकृती काढायला सांगितली तेव्हा बॅटरीची दोन्ही टोकं एकाच तारेला जोडली", हे उपयोगाचं आहे. यात प्रश्न दडला आहे: पाहताना समजल्यासारखं का वाटतं आणि करताना ते हातात का येत नाही?

नागपुरात असे प्रश्न जागोजागी सापडतात. उत्तर नागपुरातल्या मराठी शाळेत घरी हिंदी किंवा छत्तीसगढी बोलणारी मुलं असतात. मोमिनपुऱ्यात उर्दू माध्यमाचे वर्ग आहेत. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करायचा तर घरातला एकुलता एक स्मार्टफोन बाबांसोबत कामावर गेलेला असतो आणि रात्री तो परत येईपर्यंत मूल झोपलेलं असतं. दीक्षा हे शालेय साहित्याचं सरकारी डिजिटल व्यासपीठ २०१७ साली सुरू झालं, त्यावर साहित्य भरपूर आहे. पण ते साहित्य आणि तुमच्या वर्गातलं तिसऱ्या बाकावरचं मूल यांच्यामध्ये काय काय येतं, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक नाही. मधल्या वयात शिकायला येणाऱ्याची ही खरी पुंजी आहे. बी.एड. करून थेट एम.एड.ला आलेल्या तरुण मुलामुलींकडे वेग असतो, ताजी पाठांतरं असतात. तुमच्याकडे वीस वर्षांची निरीक्षणं आहेत, फक्त ती लिहून ठेवलेली नाहीत. म्हणून वही.

पंधरा दिवसांनी वही वाचा. जी अडचण तीन-चारदा आली असेल तिच्याखाली रेघ ओढा. पुढे गृहकार्यात, प्रकल्पात, प्रबंधिकेत हीच अडचण कामी येते.

पायरी २: विषय काय आहे ते आधी समजून घ्या

शैक्षणिक तंत्रज्ञान म्हणजे संगणक शिकणं, असा समज शिक्षकखोलीत अजून पक्का आहे. त्यामुळे गणिताच्या किंवा भाषेच्या शिक्षिका "आम्हाला कोडिंग कुठे येतं" म्हणून मागे सरतात. या विषयाला कोडिंग लागत नाही. माणूस शिकतो कसा, शिकवण्याची आखणी कशी करावी, त्यात कोणतं माध्यम कुठे बसतं आणि त्याचा परिणाम कसा तपासावा, हे इथे शिकायचं असतं. इंटरनेट यायच्या कितीतरी आधीपासून हा विषय आहे.

आपल्या देशापुरतं बोलायचं तर १९७५-७६ साली उपग्रहाद्वारे दूरदर्शनचे शैक्षणिक कार्यक्रम सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत पोहोचवण्याचा साइट हा प्रयोग झाला. १९८४ साली एनसीईआरटीत केंद्रीय शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. त्याच काळात पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली. तिचे कार्यक्रम पाहून मोठे झालेले कितीतरी जण आज स्वतः शिक्षक आहेत. आणि आपल्याला याहून जवळचा धागा आहे तो वर्ध्याचा. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिथून नई तालीम पुढे आली. त्या विचारात तकली हे साधन मधोमध होतं. सूत कातता कातता गणित, भूगोल, कापसाचं अर्थकारण शिकायचं, अशी ती मांडणी होती. शिक्षणात साधनाची जागा कोणती, या प्रश्नावर आपल्या विदर्भाच्या मातीत इतका खोल विचार झालेला असताना आपण तो विषय परका का मानावा? सेवाग्राम नागपूरहून पाऊणशे किलोमीटरवर आहे. प्रवेश घ्यायच्या आधी एका रविवारी जाऊन या, डोक्यातले बरेच गोंधळ निवळतात.

अभ्यासक्रमात भेटणाऱ्या काही कल्पनांची आधीच तोंडओळख करून घ्या. पुण्य मिश्र आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ साली मांडलेली टीपॅकची चौकट सांगते की विषयाचं ज्ञान, शिकवण्याचं ज्ञान आणि तंत्रज्ञानाचं ज्ञान ही तिन्ही जिथे एकत्र येतात तिथे चांगलं शिकवणं घडतं. यातल्या पहिल्या दोन गोष्टी तुमच्याकडे आहेत. जॉन स्वेलर यांचा बोधनभाराचा सिद्धान्त सांगतो की कार्यरत स्मृतीची जागा थोडी असते, म्हणून पडद्यावर एकाच वेळी मजकूर, चित्र, संगीत आणि निवेदन ओतलं तर शिकणं कमी होतं. रिचर्ड मायर यांच्या प्रयोगांतूनही असंच दिसतं की सजावटीपुरती टाकलेली चित्रं आणि आवाज शिकण्याच्या आड येतात. वरच्या परिपथाच्या उदाहरणाकडे आता पुन्हा बघा, त्या व्हिडिओत काय काय कोंबलं होतं ते दिसायला लागेल.

रिचर्ड क्लार्क यांचा १९८३ सालचा युक्तिवाद मात्र नीट वाचा, घाई करू नका. त्यांचं म्हणणं असं, की माध्यम हा माल पोचवणारा ट्रक आहे. किराणा ट्रकने आला म्हणून त्याचं पोषणमूल्य बदलत नाही, तसं माध्यम बदललं म्हणून शिकणं बदलत नाही. शिकवण्याची पद्धत बदलली तर बदलतं. रॉबर्ट कोझमा यांनी याला विरोध केला. माध्यमाच्या खास क्षमतांमुळे शिकण्याच्या वेगळ्या वाटा खुलतात, असं त्यांचं प्रतिपादन आहे. हा वाद चाळीस वर्षांनंतरही संपलेला नाही आणि तुमच्या प्रत्येक गृहकार्याच्या मुळाशी तो असतो. तुम्ही कोणाच्या बाजूचे, हे आपल्या वर्गाच्या अनुभवावरून ठरवा.

आणखी एक. "वाचलेलं १० टक्के, ऐकलेलं २० टक्के लक्षात राहतं" असा तक्ता प्रत्येक प्रशिक्षणात दाखवला जातो आणि खाली एडगर डेल यांचं नाव असतं. डेल यांच्या १९४६ सालच्या अनुभव-शंकूत असे आकडे नव्हतेच, ते नंतर कोणीतरी चिकटवले. पदव्युत्तर अभ्यासात पहिली सवय लावायची ती हीच, की समोर आलेला आकडा मुळात कुठून आला ते शोधायचं.

पायरी ३: हेतू ठरवा, मग संस्था

तीन हेतू साधारणपणे दिसतात. कोणाला आपलं शिकवणं सुधारायचं असतं. कोणाला निवडश्रेणीसाठी किंवा मुख्याध्यापकपदाच्या दृष्टीने अर्हता वाढवायची असते. कोणाला अध्यापक महाविद्यालयात किंवा अभ्यासक्रमनिर्मितीच्या कामात जायचं असतं. तिन्ही रास्त आहेत, पण तिघांची वाट एक नाही.

नोकरी न सोडता शिकायचं तर इग्नूचं, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं, एम.ए. शिक्षणशास्त्र ही मला सगळ्यांत सोयीची वाट वाटते. त्यात शैक्षणिक तंत्रज्ञान हा विशेष गट निवडता येतो. किमान दोन वर्षांचा हा अभ्यासक्रम चार वर्षांपर्यंत लांबवता येतो, आणि घरी आजारपण असलेल्या किंवा मुलगा-मुलगी बारावीत असलेल्या शिक्षकासाठी ही सवलत फार मोलाची आहे. प्रवेश जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत होतात, सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये. गृहकार्याला ३० टक्के आणि परीक्षेला ७० टक्के भार असतो. नागपूरचं प्रादेशिक केंद्र अमरावती रोडवर हिंदुस्तान कॉलनीत आहे. अर्ज ऑनलाइन भरत असलात तरी एकदा तिथे प्रत्यक्ष जा, आपलं अभ्यासकेंद्र कोणतं, समुपदेशनाचे वर्ग कधी, हे विचारून या. माध्यम इंग्रजी किंवा हिंदी आहे. मराठीत वाचायची-लिहायची सवय असलेल्यांनी हा मुद्दा आधीच तोलून बघावा. मराठीतूनच शिकायचं असेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं एम.ए. शिक्षणशास्त्र बघा, त्यांचं विभागीय केंद्र नागपुरात आहे. त्यात तंत्रज्ञानावरचा भर तुमच्या निवडलेल्या प्रश्नातून तुम्हालाच आणावा लागेल.

दूरस्थ पदवीला कमी लेखणारे सहकारी भेटतील. मान्यताप्राप्त दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्या नियमित पदव्यांच्या समकक्ष आहेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. फक्त ज्या सत्रात प्रवेश घेताय त्या सत्रासाठी आयोगाच्या दूरस्थ शिक्षण मंडळाच्या यादीत तो अभ्यासक्रम आहे ना, हे स्वतः तपासा. एजंटच्या शब्दावर पैसे भरू नका.

अध्यापक महाविद्यालयात जायचं असेल तर राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या कक्षेतलं एम.एड. विचारात घ्या. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या (एनसीटीई) २०१४ च्या विनियमांनंतर एम.एड. दोन वर्षांचं झालं आहे, ते पूर्णवेळ असतं आणि प्रवेशासाठी राज्याची सीईटी द्यावी लागते. हजेरीची अट खरी असते, त्यामुळे रजेचा प्रश्न सुटल्याशिवाय इकडे वळू नये. पुढे अध्यापक-शिक्षक व्हायचं तर पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के लागतात, हा आकडा पहिल्या दिवसापासून डोळ्यासमोर ठेवा.

मुंबईला जुहूच्या परिसरात एसएनडीटी महिला विद्यापीठाचा शैक्षणिक तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. आयआयटी मुंबईत या विषयात पीएच.डी. होते. घर सोडून जाणं शक्य असेल तर दोन्ही उत्तम. नसेल तरी तिथल्या प्राध्यापकांचे शोधनिबंध घरबसल्या वाचता येतात आणि ते वाचलेच पाहिजेत, कारण भारतीय वर्गांतला पुरावा त्यांत मिळतो.

अजून मन डळमळत असेल तर स्वयम् या सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरचा एखादा आठ किंवा बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम करून बघा. शिकणं विनाशुल्क आहे, प्रमाणपत्राच्या परीक्षेपुरतं शुल्क पडतं. दर आठवड्याला आपण खरंच बसू शकतो का, हे तेवढ्यात कळतं.

पायरी ४: पूर्वपरवानगी

हे टाळू नका. जिल्हा परिषद, महानगरपालिका, खाजगी अनुदानित, कुठलीही शाळा असो, प्रवेशाच्या आधी लेखी अर्ज द्या. खाजगी शाळांना १९८१ ची सेवाशर्ती नियमावली लागू आहे. तिथे अर्ज मुख्याध्यापकांमार्फत संस्थेकडे जातो. अर्जात अभ्यासक्रमाचं नाव, विद्यापीठ, कालावधी, शिकण्याची पद्धत आणि "शालेय कामकाजात व्यत्यय येणार नाही" हे वाक्य हवं. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. तोंडी "करा ना मॅडम, काही हरकत नाही" यावर विसंबू नका, कारण पदवी हाती येईपर्यंत मुख्याध्यापक बदललेले असू शकतात.

वरिष्ठ श्रेणी १२ वर्षांनी आणि निवडश्रेणी २४ वर्षांनी येते. निवडश्रेणीच्या प्रस्तावात अर्हतावाढीचा मुद्दा असतो. तुमच्या संवर्गाला, तुमच्या विषयाला कोणती पदवी चालते, हे कार्यालयातून शासन निर्णय समोर ठेवून समजून घ्या आणि मगच शुल्क भरा.

पायरी ५: कागदपत्रं, आणि नावाचा घोळ

पदवीच्या मूळ प्रमाणपत्रासाठी अनेकांनी कधी अर्जच केलेला नसतो, गुणपत्रिकेवर नोकरी लागलेली असते. आता ते लागेल. विद्यापीठाला राष्ट्रसंतांचं नाव २००५ साली मिळालं, त्यामुळे जुन्या कागदांवर नुसतं "नागपूर विद्यापीठ" असेल तर काळजीचं कारण नाही. पदवी अमरावती विद्यापीठाची असेल आणि प्रवेश नागपूर विद्यापीठात घ्यायचा असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र काढून ठेवा.

शिक्षिकांना खरा त्रास होतो तो नावाचा. दहावीच्या सनदेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, सेवापुस्तिकेत तिसऱ्याच क्रमाने. आता दूरस्थ प्रवेशासाठी ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं (श्रेयांकांची ऑनलाइन नोंद ठेवणारं) खातं आणि त्यावरून डेब आयडी, म्हणजे दूरस्थ शिक्षण मंडळाचा ओळख क्रमांक, काढावा लागतो आणि ही सगळी साखळी आधारवर चालते. म्हणून अर्ज भरण्याच्या महिनाभर आधी सगळी कागदं टेबलावर मांडा, नावं अक्षर-अक्षर जुळवा, विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद तयार ठेवा. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे का तेही बघा. बऱ्याच जणांचा तो जुना, बंद पडलेला असतो आणि ओटीपी येतच नाही.

पायरी ६: नागपूरचं वर्ष समोर ठेवून वेळ आखा

इग्नूच्या हिशेबात एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास. चार श्रेयांकांचा पेपर म्हणजे १२० तास. रोज दीड तास धरला तर ऐंशी दिवस. हा हिशेब घरच्यांना दाखवा. सासूबाईंना, नवऱ्याला किंवा बायकोला, मुलांना. "मला अभ्यास आहे" या वाक्यापेक्षा "दिवाळीपर्यंत रोज रात्री साडेआठ ते दहा मी खोलीत असेन" हे वाक्य घराला पटकन समजतं आणि घर त्याप्रमाणे वळतं. मी पाहिलेल्या शिक्षकांपैकी ज्यांनी मधेच सोडलं, त्यांतल्या बहुतेकांना अभ्यास कठीण गेला नव्हता. घरातली कामं वाटून घेण्याचं बोलणं त्यांच्याकडे झालेलंच नव्हतं.

आता आपल्याकडचं वर्ष. श्रावण लागला की पोळा, गणपती, महालक्ष्म्या, मग दसरा-दिवाळी, या काळात फारशी अपेक्षा ठेवू नका, वाचन तेवढं चालू ठेवा. डिसेंबरमध्ये सत्रान्त परीक्षा आणि विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन एकाच महिन्यात येतात. मोर्चे निघाले की झिरो माइल, मॉरिस कॉलेज टी-पॉइंट, बर्डी या भागातले रस्ते बंद होतात किंवा वळवले जातात. परीक्षाकेंद्र पलीकडे असेल तर गाडी घेऊन निघू नका. मेट्रोने सीताबर्डी इंटरचेंजवरून गाडी बदलणं जास्त खात्रीचं. प्रवेशपत्र आलं की त्याच दिवशी केंद्राचा पत्ता आणि जवळचं स्थानक बघून ठेवा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षा, पर्यवेक्षण आणि त्यामागोमाग पेपर तपासणी. निवडणूक किंवा जनगणनेचं काम आलं तर तेही. पण उन्हाळा लागला की शाळा सकाळच्या होतात आणि दुपार मोकळी मिळते. विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. म्हणजे मे आणि जवळपास सगळा जून हाताशी असतो आणि जूनच्या परीक्षा नेमक्या त्यात येतात. वर्षभरातला हा सगळ्यांत मोठा सलग वेळ आहे. लग्नांची आमंत्रणं याच काळात येतात, तेव्हा कुठली लग्नं गाठायची ते एप्रिलमध्येच ठरवा. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हात, दुपारी कूलरसमोर पुस्तक घेऊन बसलं की झोप येते. पहाटे पाच ते आठ ही वेळ त्या दिवसांत सोन्यासारखी. परीक्षा दुपारच्या सत्रात असेल तर टोपी-दुपट्टा, पाण्याची बाटली आणि घरून निघताना ग्लासभर पन्हं, हे विसरू नका.

गृहकार्याच्या तारखा भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहा. जमा करण्याआधी प्रत्येक पानाची झेरॉक्स किंवा स्कॅन आणि जमा केल्यावर पावती, हे नियमाने करा.

पायरी ७: हत्यारं

लॅपटॉप साधा चालेल. ८ जीबी रॅम आणि एसएसडी असली की पुरे. जुन्या लॅपटॉपलाही या दोन गोष्टी बर्डीतल्या दुकानांतून बसवून घेता येतात.

पण सगळ्यांत आधी टंकलेखन सुधारा. शाळांच्या प्रश्नपत्रिका वर्षानुवर्षं कृतिदेव नाहीतर श्रीलिपीत होत आल्या आहेत. तो मजकूर दुसऱ्या संगणकावर अगम्य होतो, शोधता येत नाही, ऑनलाइन चिकटवता येत नाही. युनिकोड आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिका. तीन आठवडे हात अडखळतो, मग चालू लागतो. ज्याला शैक्षणिक तंत्रज्ञान शिकायचं आहे त्याने आपली भाषा संगणकावर नीट लिहिता यावी यासाठी हा त्रास घ्यायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं.

वाचनासाठी: ई-ज्ञानकोशावर इग्नूचं अभ्याससाहित्य मोफत आहे, प्रवेशाआधीच दोन घटक वाचून बघा. शोधगंगेवर देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध आहेत. राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आणि एरिक (शिक्षणविषयक संशोधनाची अमेरिकी सूची) ही दोन्ही भांडारं खुली आहेत. संदर्भ जपायला झोटेरो वापरा, फुकट आहे. वाचलेल्या प्रत्येक निबंधाची नोंद पहिल्या दिवसापासून त्यात टाका.

इंग्रजी शोधनिबंधाची धास्ती वाटते. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत जाऊ नका. आधी सारांश, मग निष्कर्ष, मग तक्ते. त्यानंतर स्वतःला मराठीत विचारा: यांनी कोणत्या मुलांवर, किती दिवस, काय केलं आणि काय बदललं? याची उत्तरं चार मराठी वाक्यांत लिहिता आली की निबंध समजला. उरलेला भाग दुसऱ्या बैठकीत. आठवड्याला एक निबंध, एवढं पुरेसं आहे. दोन-तीन महिन्यांत तेच तेच शब्द पुन्हा भेटू लागतात आणि वेग आपोआप वाढतो.

एआयच्या चॅटबॉटला कठीण परिच्छेद सोपा करून मागायला हरकत नाही. संदर्भ मात्र त्याच्याकडून घेऊ नका, अस्तित्वात नसलेले निबंध तो आत्मविश्वासाने सांगतो. गृहकार्य त्याच्याकडून लिहून घेणं तर आपल्याच मुलांना आपण जे करू नका म्हणतो तेच आहे. विद्यार्थ्यांची नावं, गुण, फोटो त्यात कधीही टाकू नका.

पायरी ८: लहान संशोधन, पण खरं

प्रबंधिकेचा विषय निवडताना "नागपूर जिल्ह्यातील माध्यमिक शिक्षकांच्या माहिती तंत्रज्ञानविषयक अभिवृत्तीचा अभ्यास" अशा वळणाची शीर्षकं सहज सुचतात. शोधगंगेवर ती ढिगाने सापडतील. प्रश्नावली वाटायची, शेकडेवारी काढायची, तंत्रज्ञान उपयुक्त आहे असा निष्कर्ष लिहायचा. यातून कोणाला काही कळत नाही. तुमच्या वहीतली रेघ ओढलेली अडचण घ्या.

परिपथाचंच उदाहरण पुढे नेतो. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पाची आभासी प्रयोगसाधनं मोफत आहेत, त्यांतली अनेक मराठीत आहेत आणि उतरवून घेतली तर इंटरनेट नसतानाही चालतात. प्रश्न असा ठेवता येईल: व्हिडिओ पाहणारी मुलं आणि फेटवर स्वतः तारा जोडून बघणारी मुलं यांच्या आकृती काढण्यात फरक पडतो का? तिसरा गट खऱ्या बॅटरी-बल्बवर काम करणारा ठेवला तर अभ्यास आणखी बोलका होईल. कदाचित खरी बॅटरी जिंकेल. तसं झालं तर तसंच लिहा, तो तितकाच मोलाचा निष्कर्ष आहे.

मार्गदर्शक हमखास विचारतील अशा काही गोष्टी. आठवी 'अ' आणि आठवी 'ब' यांची तुलना करताना तुमच्या शाळेत तुकड्या गुणांवरून पाडल्या आहेत का? तसं असेल तर फरक आधीपासूनच आहे, म्हणून पूर्वचाचणी घ्याच. दोन्ही तुकड्यांना शिकवणारे तुम्हीच असाल तर आवडीची पद्धत शिकवताना तुमचा उत्साह जास्त असणार, त्यावर उपाय म्हणून पाठाचं टाचण आधी लिहून ते दोन्हीकडे काटेकोर पाळा. नव्या गोष्टीचं अप्रूप पहिले काही दिवस असतंच, म्हणून एका तासावरून निष्कर्ष काढू नका, तीन-चार आठवड्यांनी तीच आकृती पुन्हा काढून घ्या. पालकांची संमती घरच्या भाषेत घ्या, हिंदी-उर्दूत लागली तर तशी. आणि अभ्यास संपल्यावर जे साधन एका तुकडीला मिळालं ते दुसऱ्या तुकडीलाही द्या. मुलं आपल्या विश्वासावर बसलेली असतात, त्यांच्यापैकी कोणाचं नुकसान करून मिळालेली पदवी नको.

संख्याशास्त्राला घाबरू नका. अशा अभ्यासाला मध्यमान, प्रमाण विचलन आणि टी-चाचणी एवढं बहुधा पुरतं. जामोवी हे मोफत सॉफ्टवेअर गणित करून देतं. उत्तराचा अर्थ लावणं तुमचं काम. त्याबरोबर चार मुलांशी बोला, त्यांनी काढलेल्या आकृत्या जोडा. आकड्यांत न दिसलेलं तिथे दिसतं.

गुप्तता पाळायची म्हणून शाळेचं नाव लिहू नका, मुलांना क्रमांक द्या. मजकुरातली उसनवारी तपासून घ्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ मानलं आहे, पण दुसऱ्याचं वाक्य आपलं म्हणून लिहायचंच नाही असं ठरवलं की हा आकडा बघायची वेळ येत नाही.

पायरी ९: सोबत शोधा

एकट्याने दूरस्थ अभ्यास फार लवकर थंडावतो. समुपदेशनाच्या पहिल्याच रविवारी तीन-चार जणांचा गट करा. कामठी, हिंगणा, उमरेडहून येणारे शिक्षक असतात, त्यांच्या वर्गातले प्रश्न तुमच्यापेक्षा वेगळे असतात. महिन्यातून एकदा भेटा आणि प्रत्येकाने वाचलेला एक निबंध मराठीत समजावून सांगा. शाळेत केंद्रप्रमुखांना किंवा जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतल्या अधिव्याख्यात्यांना तुमच्या प्रयोगाबद्दल सांगा. शिक्षण परिषदेत मांडायला पंधरा मिनिटं मिळाली तरी पुष्कळ. समोरचे शिक्षक जे प्रश्न विचारतात ते परीक्षकांच्या प्रश्नांपेक्षा टोकदार असतात, कारण त्यांना ती गोष्ट सोमवारी वर्गात करायची असते.

वयाने लहान सहाध्यायी "सर" किंवा "ताई" म्हणतील. त्यांना संगणकातलं विचारायला संकोच करू नका, आणि त्यांनी वर्ग सांभाळण्याबद्दल विचारलं तर सवड काढून सांगा.

पायरी १०: निकाल लागल्यावर

तात्पुरतं प्रमाणपत्र आणि सगळ्या गुणपत्रिका हाती आल्या की आठवड्याभरात त्यांच्या साक्षांकित प्रती आणि पूर्वपरवानगीच्या पत्राची प्रत जोडून सेवापुस्तिकेत नोंद घेण्यासाठी अर्ज करा, नोंद झालेल्या पानाची झेरॉक्स घ्या. पदवीदान समारंभाच्या प्रमाणपत्राचं शुल्क वेळेत भरा. पुढे पीएच.डी.चा विचार असेल तर शिक्षणशास्त्रातली नेट किंवा सेट प्रबंधिकेच्या पाठोपाठच द्या, वाचन ताजं असतं. आणि मुख्याध्यापकांशी बोलून शाळेतल्या एका इयत्तेचा एक घटक मागून घ्या: पुढच्या वर्षी तो घटक कसा शिकवायचा याची आखणी तुम्ही कराल, दोन सहकारी ती वर्गात वापरतील, आणि दिवाळीच्या सुट्टीआधी तिघं मिळून मुलांच्या वह्या तपासाल.